शहराची हद्द नेमकी कुठे संपते?

नागपुरात प्लॉटचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. "भाऊ, हे कार्पोरेशनमध्ये येते का?" विचारणाऱ्याला नळ, गडरलाइन, बँकेचं कर्ज आणि उद्याचा भाव या सगळ्यांचं उत्तर एकदमच हवं असतं. समोरचा बहुतेक वेळा "येणार आहे" म्हणतो, आणि त्या "येणार"च्या भरवशावर माणसं जन्माची कमाई गुंतवतात. मला याची मनापासून काळजी वाटते. शहराची हद्द कोण ठरवतं, ती कुठे लिहिलेली असते आणि ती बदलताना आपल्याला बोलायचा हक्क कधी असतो, हे सांगायला कुणी बसत नाही, म्हणून हा लेख.

माझी नोकरी भूमी अभिलेख विभागातली. सुरुवातीची वर्षं सिंधुदुर्गात गेली, नंतरची नागपूर जिल्ह्यात. हद्द म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर मी नागपूरकरांनाही समुद्रकाठच्या छोट्या शहराचंच उदाहरण देतो. तिथे एका बाजूला डोंगर, एका बाजूला शेजारचं गाव, एका बाजूला खाडी आणि एका बाजूला समुद्र असतो. चार बाजूंना चार तऱ्हेच्या हद्दी, आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा. ते एक शहर कळलं की नागपूरच्या कडेचं बेसा-पिपळा कळायला वेळ लागत नाही.

कायद्याच्या नजरेतलं शहर गावांवर उभं असतं. इथे गाव म्हणजे घरांची वस्ती धरायची नाही, महसुली गाव धरायचं. त्यालाच आपण मौजा म्हणतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये जिल्हा, तालुका, गाव अशी महसुली क्षेत्रं कशी बनवायची आणि बदलायची ते दिलं आहे. प्रत्येक मौजाला स्वतःची शिव असते, गाव नकाशा असतो, आणि आतल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक असतो. आपल्याकडे तो खसरा क्रमांक, कोकणात सर्व्हे नंबर आणि त्याखाली हिस्सा नंबर. मौजात एकही घर नसलं तरी मौजा असतो. विदर्भात अशी कितीतरी रिठी गावं आहेत, वस्ती कधीच उठून गेलेली, पण कागदावर शिव शाबूत. उलट, शहर वाढत जाऊन मौजाला गिळतं तेव्हाही मौजा मरत नाही. सोमलवाडा, मानेवाडा, वाठोडा ही नागपूरच्या पोटातली ठिकाणं आहेत, पण तिथल्या घराच्या कागदावर आजही मौजाचं नाव असतंच.

त्या मौजाच्या आत आणखी एक रेषा असते, गावठाणाची. कोणती जमीन गावाच्या, नगराच्या किंवा शहराच्या वस्तीची धरायची हे ठरवण्याचा आणि ती रेषा बदलण्याचा अधिकार संहितेच्या कलम 122 नुसार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो. म्हणजे शिव वेगळी, गावठाण वेगळं आणि नगरपरिषदेची हद्द त्याहून वेगळी. लोक तिन्हींना "गावाची हद्द" म्हणतात, आणि निम्मे वाद तिथूनच सुरू होतात.

राजपत्रातली अनुसूची

मग या मौजांचं शहर कसं होतं? राज्यघटनेत 1992 च्या 74 व्या दुरुस्तीनं नगरपालिकांचा भाग आला. ती दुरुस्ती 1 जून 1993 पासून लागू झाली. त्यातल्या अनुच्छेद 243-थ नुसार शहरी संस्था तीन प्रकारच्या. ग्रामीणातून शहरी होत असलेल्या भागाला नगरपंचायत, लहान शहराला नगरपरिषद, मोठ्या शहराला महानगरपालिका. कोणता भाग कशात बसवायचा हे राज्यपाल, म्हणजे व्यवहारात राज्य सरकारचा नगर विकास विभाग, अधिसूचना काढून ठरवतो. ठरवताना लोकसंख्या, घनता, स्थानिक कारभारासाठी मिळणारा महसूल, शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण आणि भागाचं आर्थिक महत्त्व पाहायचं असतं.

महाराष्ट्रात याचे आकडे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात दिले आहेत. ढोबळमानानं 10 हजार ते 25 हजार लोकसंख्येला नगरपंचायत, 25 हजारांच्या वर नगरपरिषद. महानगरपालिकेसाठी तीन लाखांचा उंबरठा आहे, तो महापालिकांच्या कायद्यात. पण आकडे पाहून निकाल लावू नका. वेंगुर्ला आणि मालवण यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 25 हजारांच्या आतच होती, तरी तिथे नगरपरिषदा आहेत, कारण त्या जुन्या काळापासून चालत आल्या. माथेरान आणि पन्हाळ्याची वस्ती तर काही हजारांचीच. 2014 मध्ये राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही लोकसंख्येपेक्षा तालुक्याचं ठिकाण असणं मोठं ठरलं. आपल्याकडे वाडी आणि वानाडोंगरी इथे नगरपरिषदा झाल्या, बेसा-पिपळ्याला स्वतःची नगरपंचायत मिळाली. तेव्हा "बेसा कार्पोरेशनमध्ये येते का" याचं उत्तर शेजारच्या फ्लॅटवाल्याकडे नसतं, राजपत्रात असतं.

या अधिसूचनेत हद्द चित्रानं सांगितलेली नसते, शब्दांनी सांगितलेली असते. सोबत नकाशा जोडलेला असतो, पण वाद झाला की सगळे आधी उघडतात ती अनुसूची. तिच्यात कोणता मौजा पूर्ण घेतला, कोणत्या मौजातले कोणते क्रमांक घेतले हे येतं आणि मग चतुःसीमा लिहिलेल्या असतात. उत्तरेस अमुक खाडी, पूर्वेस अमुक गावाची शिव, दक्षिणेस अमुक गाव, पश्चिमेस अरबी समुद्र. हजारो माणसांचा कर, मतदान, बांधकाम परवानगी आणि घरकुल या चार ओळींवर ठरतं. म्हणून त्यातला शब्दन् शब्द वाचायचा.

डोंगर आणि शिव

पूर्वेच्या डोंगराकडून सुरुवात करू. कोकणातला एक मौजा मैलोन्‌मैल पसरलेला असतो. बाजारपेठ खाली बंदराजवळ, आणि त्याच मौजाच्या वाड्या वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर, चार-चार किलोमीटर लांब. सरकारनं "मौजा संपूर्ण" असे दोन शब्द लिहिले की त्या सगळ्या वाड्या एका दिवसात शहरात येतात. "आमची वाडी शहरात इली काय?" असं विचारत म्हातारी माणसं कचेरीत यायची. त्यांच्या आंब्या-काजूच्या बागेत काहीच बदललेलं नसायचं, पण कागदावर बरंच बदललेलं असायचं. ग्रामसभा संपते. ग्रामीण भागासाठीच्या रोजगार आणि घरकुलाच्या योजना बंद होऊन शहरी योजनांच्या रांगेत नव्यानं उभं राहावं लागतं. मालमत्ता कर नव्या संस्थेच्या नियमानं लागतो. निवडणूक होईपर्यंत प्रशासक कारभार पाहतो. नगरपंचायतीत 17 नगरसेवक असतात, पण सड्यावरच्या तीन वाड्यांना मिळून त्यातला एक तरी आपला मिळेल का, हे प्रभाग कसे पडतात त्यावर ठरतं. प्रभागांच्या रेषा शहराच्या हद्दीपेक्षा निराळ्या, निवडणुकीसाठी आखलेल्या.

दुसरा मार्ग असा की मौजाचा काही भागच घ्यायचा, क्रमांक मोजून. हे न्यायाचं आहे, पण मेहनतीचं आहे. एक क्रमांक सुटला तर शहराच्या मध्यात ग्रामपंचायतीचं बेट तयार होतं, आणि रस्त्यावरचा एक दिवा कुणाचा यावर दोन कचेऱ्या पत्रव्यवहार करत बसतात. माझं मत विचाराल तर सरकारनं मेहनतीचाच मार्ग घ्यावा. सोयीसाठी अख्खा मौजा उचलणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

दक्षिणेला शेजारचं गाव. ही हद्द सगळ्यात जुनी आणि तुलनेनं सोपी. जुन्या मोजणीत शिवेवर दगड रोवले गेले, नकाशावर त्यांच्या खुणा आल्या. दोन्ही गावांचे गावकामगार आणि खातेदार एका रेषेवर राजी असतील तर त्यांच्याकडून तसं लिहून घेऊन शिव कायम करायची, वाद असेल तर भूमापन अधिकाऱ्यानं चौकशी करून निर्णय द्यायचा, अशी सोय महसूल संहितेत आहे. हद्दीच्या खुणेला नुकसान करणं हा दंडनीय प्रकार आहे. आपल्याकडे धुऱ्यावरचा दगड ट्रॅक्टरनं हलतो आणि पुढच्या पिढीला कोर्टात उभं करतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गावाच्या शिवेवर तेच घडलं तर नुकसान दोन घरांचं राहत नाही.

खाडी आणि समुद्र

उत्तरेला खाडी असेल तर अनुसूचीत नेमकं काय लिहिलं आहे ते पाहायचं. खाडीचा दक्षिण काठ, की खाडीचा मध्य, की पलीकडचा काठ? नुसतं "खाडी" लिहिलं तर जेटी कुणाची, होडीची फेरी कुणाची, वाळूचा ढीग कुणाच्या हद्दीत, हे प्रश्न उभे राहतात. पाणी ही नैसर्गिक सीमा आहे म्हणून ती आपोआप कायदेशीर सीमा होत नाही. तेरेखोल नदी महाराष्ट्र आणि गोव्याच्या मधून वाहते असं आपण म्हणतो, पण तेरेखोलचा किल्ला आणि गाव नदीच्या उत्तर काठावर, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही गोव्यात आहेत. 1746 मध्ये पोर्तुगिजांनी तो किल्ला सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतला, आणि तिथली सीमा इतिहासानं ठरवली, नदीनं ठरवली नाही.

आता पश्चिम. "पश्चिमेस अरबी समुद्र." वाचायला किती स्वच्छ वाटतं. पण समुद्र कुठे सुरू होतो? ओहोटीला वाळूच्या सपाट पुळणीवर पाणी कितीतरी मागे जातं, भरतीला माडाच्या मुळाशी येतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आणखी वर चढतं. एका दिवसात दोनदा सरकणाऱ्या गोष्टीवर हद्द कशी बांधायची?

कायद्यानं याचं उत्तर भरतीच्या रेषेत शोधलं. महसूल संहितेच्या कलम 20 नुसार भरतीच्या खुणेखालचा समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ राज्य सरकारचा. म्हणजे खासगी मालकी समुद्राकडे चालत गेली तर भरतीच्या खुणेशी थांबते. 1908 च्या बंदर कायद्यातही ही खूण सांगितली होती, नेहमीच्या उधाणाचं पाणी वर्षभरात जास्तीत जास्त जिथवर पोचतं तिथून जाणारी रेषा. वादळात चढलेलं पाणी यात धरायचं नाही, भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, मवाळ भरतीही धरायची नाही.

इथे नागपूरकरांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. झिरो माइलजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा 1907 चा दगड आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच, असं आपण म्हणतो ते अशाच खुणांच्या साखळीवरून. ती समुद्रसपाटी म्हणजे वर्षानुवर्षांच्या भरती-ओहोटीची सरासरी काढून ठरवलेली पातळी. उंची मोजायला ती चालते. हद्द आखायला चालत नाही, कारण सरासरी पातळीच्या वर दर उधाणाला पाणी येतंच. समुद्राच्या दोन रेषा आहेत, एक मोजणीची आणि एक मालकीची, आणि त्या एकमेकींवर बसत नाहीत.

भरती आणि ओहोटीच्या मधला पट्टा म्हणूनच फार गुंतागुंतीचा. मालकी राज्याची. बंदराची हद्द जाहीर झालेली असेल तर तिथे महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा अधिकार. पर्यावरणाचे नियम केंद्राचे. ओहोटीच्या रेषेपासून पुढे 12 सागरी मैलांपर्यंत देशाचा प्रादेशिक समुद्र, तिथल्या तळाखालची खनिजं अनुच्छेद 297 नुसार केंद्राची, आणि त्याच पाण्यातली मासेमारी मात्र राज्याच्या 1981 च्या कायद्याखाली. पुळणीवरचा कचरा उचलायला लोक नगरपरिषदेलाच बोलावतात, आणि तेही साहजिकच आहे, कारण त्यांना दुसरी कचेरी जवळ नसते.

किनारा झिजतो तेव्हा प्रश्न अधिक दुखरा होतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढंच दिसतं, आणि जागेवर जाऊन पाहावं तर निम्म्या क्रमांकात पाणी. वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी करून मागायची तरतूद महसूल कायद्यात आहे, पण गेलेली बाग त्यातून परत येत नाही. शहराच्या हद्दीचंही तसंच. "पश्चिमेस समुद्र" लिहिलं तर समुद्र सरकल्यावर हद्दीचं काय, हा प्रश्न उरतो. "सर्व्हे नंबर अमुकची पश्चिम बाजू" लिहिलं तर रेषा पक्की, पण ती उद्या पाण्यात असू शकते. मला वाटतं, दोन्ही लिहावं, आणि सोबत अक्षांश-रेखांशही द्यावेत. आजच्या उपकरणांनी ते अवघड राहिलेलं नाही.

मोजणीची बारकाई किती फरक करते त्याचा एक आकडा देतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत 7,516.6 किलोमीटर शिकलो. अलीकडच्या फेरमोजणीत ती 11,098.8 किलोमीटर भरली. किनारा वाढला नाही, जास्त मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर मोजल्यामुळे खाड्या-आखातांची वळणं मोजणीत आली. छोट्या शहराच्या नकाशावरही हेच होतं. जाड पेननं ओढलेली रेषा जमिनीवर अख्खं घर झाकू शकते.

किनारा नियमन क्षेत्र

किनाऱ्यावरच्या माणसाचा सगळ्यात जास्त संबंध येतो तो सीआरझेडशी, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राशी. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पहिली अधिसूचना 1991 ची, मग 2011 ची, आणि आता 2019 ची. समुद्राच्या बाजूनं भरतीच्या रेषेपासून 500 मीटरपर्यंतचा पट्टा यात येतो. खाडीच्या काठानं 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी ते. खाडी नदीत कुठवर धरायची? तर सगळ्यात कोरड्या दिवसांत पाण्यातलं मिठाचं प्रमाण हजारात पाच भाग असतं तिथवर. अशी हद्द डोळ्यांना दिसत नाही, ती चाचणीनं ठरते.

शहराची हद्द इथे येऊन भिडते. 2019 च्या अधिसूचनेत दुसऱ्या वर्गात येतो तो विकसित भाग, जो नगरपालिकेच्या किंवा तशाच कायदेशीर शहरी हद्दीत आहे, जिथे निम्म्याहून जास्त भूखंडांवर बांधकाम झालेलं आहे आणि रस्ते, पाणी, सांडपाण्याच्या सोयी आहेत. ग्रामीण आणि तुलनेनं मोकळा भाग तिसऱ्या वर्गात. दुसऱ्या वर्गात आधीच्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतींच्या जमिनीकडच्या बाजूला बांधकामाला वाव मिळतो. तिसऱ्यात भरतीच्या रेषेपासून ठरावीक अंतर ना-विकास क्षेत्र असतं. लोक समजतात की नगरपंचायत झाली म्हणजे दुसरा वर्ग मिळाला. तसं होत नाही. शहरी हद्द ही अटींपैकी एक अट आहे, बाकीच्या अटी जमिनीवर दिसाव्या लागतात, आणि किनारा व्यवस्थापन आराखड्याला केंद्राची मंजुरी लागते.

तिसऱ्या वर्गातही दोन पोटवर्ग. 2011 च्या जनगणनेनुसार घनता दर चौरस किलोमीटरला 2,161 पेक्षा जास्त असेल तर ना-विकास क्षेत्र 50 मीटर, नाही तर 200 मीटर. आता घनता काढायची कशी? लोकसंख्या भागिले क्षेत्रफळ. आणि क्षेत्रफळ ठरतं गावाच्या हद्दीवरून. दोन कोळीवाडे सारखेच दाट आहेत असं समजा. एकाच्या मौजात फक्त किनारा आहे, दुसऱ्याच्या मौजात मागचा ओसाड सडाही आहे. दुसऱ्याची घनता कागदावर उतरते, आणि त्याच्या दारातली रेषा 50 मीटरवरून 200 मीटरवर जाते. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी साऱ्यासाठी डोंगरावर आखलेली शिव आज समुद्राकाठी घराची पडवी वाढवता येईल की नाही ते ठरवते. हद्द हा विषय नुसता नकाशाचा का नाही, ते इथे कळतं.

नागपूरला समुद्र नाही, पण पाण्याच्या रेषा आहेत. पाटबंधारे विभाग नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतो. निळी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलावाचं आणि नाग नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांना या रेषांचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

नागपूरच्या एकमेकींवर पडलेल्या हद्दी

आता आपल्या प्रश्नाकडे. महापालिकेची हद्द सुमारे 227 चौरस किलोमीटर. 2013 मध्ये हुडकेश्वर आणि नरसाळा आत आले. 1936 च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आलं, म्हणजे महापालिकेच्याही आधी. 1900 लेआउट, 572 लेआउट, आर.एल. हे लेआउट नियमित करण्याच्या कामातले शब्द ज्यांच्या घरात आहेत त्यांना प्रन्यासाची ओळख करून द्यायची गरज नाही. त्याबाहेर नागपूर महानगर क्षेत्र, 719 गावं आणि सुमारे 3,567 चौरस किलोमीटर. तिथे नियोजन आणि बांधकाम परवानगी महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, पण गावात दिवाबत्ती आणि नळ पाहणारी ग्रामपंचायत आपल्या जागी. कामठीत नगरपरिषद वेगळी आणि छावणी परिषद वेगळी, छावणीचा कायदा केंद्राचा. शिवाय जनगणनेची आपली व्याख्या आहे. लोकसंख्या 5 हजार, घनता दर चौरस किलोमीटरला 400 आणि कामकरी पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर असतील, तर जनगणना त्या गावाला शहर म्हणते, मग तिथे ग्रामपंचायत असली तरी.

म्हणून प्लॉट विकणारा "मेट्रो रिजनमध्ये आहे" म्हणाला तर ते खरं असू शकतं आणि तरीही महापालिकेचा नळ कधीच येणार नाही असं होऊ शकतं. हद्दवाढ झाली तरी विकास आराखडा आपोआप येत नाही. 1966 च्या नगररचना कायद्यानुसार वाढीव क्षेत्रासाठी तो वेगळा करावा लागतो, हरकती ऐकाव्या लागतात, मंजुरी घ्यावी लागते. तोवर नळ, रस्ते, आरक्षणं सगळं अधांतरी. ही मधली वर्षं कुटुंबांना फार जड जातात.

तीस दिवस

नगरपरिषद किंवा नगरपंचायत करताना आणि त्यांच्या हद्दी बदलताना सरकारला आधी उद्घोषणा काढावी लागते. ती राजपत्रात येते, स्थानिक वर्तमानपत्रात येते, कचेऱ्यांच्या फलकावर लागते. त्या तारखेपासून 30 दिवसांत कुणालाही जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते. जिल्हाधिकारी आपल्या अभिप्रायासह ती सरकारकडे पाठवतात, आणि मग अंतिम अधिसूचना निघते.

हे 30 दिवस किती मोलाचे आहेत ते एका निकालावरून कळतं. कल्याण महानगरपालिका करताना उल्हासनगर आधी प्रस्तावात होतं आणि अंतिम अधिसूचनेत वगळलं गेलं. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. सुंदरजस कन्हैयालाल भाटिजा विरुद्ध ठाणे जिल्हाधिकारी या प्रकरणात 1989 मध्ये न्यायालय म्हणालं की महापालिका स्थापन करणं हे कायदा करण्याच्या जातीचं काम आहे, त्यामुळे कायद्यात जी प्रक्रिया दिली आहे तेवढी पाळली की पुरे, प्रत्येकाला समोर बोलावून ऐकण्याचं बंधन नाही. याचा सामान्य माणसासाठी अर्थ सरळ आहे. लेखी हरकत हीच तुमची सुनावणी. नंतर मोर्चा काढता येतो, पण कायद्यात तुमची जागा त्या 30 दिवसांतच असते.

मोर्चेही निघतात आणि त्यांनी फरक पडतो. वसई-विरार महापालिका 2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून झाली. किनाऱ्यालगतच्या हिरव्या पट्ट्यातल्या गावांनी मोठा विरोध केला. आपल्या विहिरी, वाड्या आणि ग्रामपंचायती जातील ही त्यांची भीती होती. 2011 मध्ये सरकारनं 29 गावं वगळण्याचा निर्णय घेतला, तो न्यायालयात अडकला आणि वर्षानुवर्षं ती गावं आत की बाहेर या प्रश्नावर लटकली. मला त्या गावांबद्दल आदर वाटतो. हद्द हा साहेबांचा विषय आहे असं समजून ती घरी बसली नाहीत.

तुम्ही घर किंवा प्लॉट घेणार असाल तर आधी मौजा, खसरा क्रमांक आणि पटवारी हलका क्रमांक लिहून घ्या. सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर पाहा, शहरात असाल तर आखीव पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. गाव नकाशा भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मिळतो. मग त्या मौजासंबंधीची शेवटची अधिसूचना राजपत्रात शोधून अनुसूचीत आपला क्रमांक आहे का ते बोटानं तपासा. कोकणात असाल तर मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यावर तोच क्रमांक कुठे पडतो ते पाहा. नदीकाठी असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. संशय असेल तर मोजणीचा अर्ज करा आणि क प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, घ्या. पैसे जातात, पण घराच्या किमतीपुढे ते फार थोडे असतात.

आणि तुमच्या भागाची उद्घोषणा निघालीच तर हरकत अशी लिहा. सुरुवातीला उद्घोषणेचा क्रमांक आणि तारीख, मग आपला मौजा आणि क्रमांक. "आमचा विरोध आहे" एवढ्यावर थांबू नका. वस्ती किती, शेती किती, शेतीवर किती घरं चालतात, शहरापासून अंतर किती, रस्ता-पाण्याची आजची स्थिती काय, हे कायद्यातल्या निकषांना धरून सांगा. एखादाच भाग वगळावा असं वाटत असेल तर त्याचे क्रमांक द्या, नाल्याची किंवा रस्त्याची रेषा सुचवा, सातबारा आणि नकाशाची प्रत जोडा. शंभर लोकांनी एकाच छापील कागदावर सही करण्यापेक्षा दहा जणांनी आपापल्या शेताची माहिती लिहिणं जास्त उपयोगाचं, कारण अभिप्राय लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून काहीतरी हाती लागतं. अर्ज दोन प्रतींत न्या, आवक क्रमांक टाकून घ्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मुदतीत हरकत दिली होती हे पुढे कुठेही दाखवायचं झालं तर ती पोचच दाखवावी लागते.